गुप्तहेराचा कोट आणि आमचे पांढरे सदरे

दूरचित्रवाणीवर एखादा गुप्तहेर दिसला की आजही माझी दृष्टी प्रथम त्याच्या गळपट्टीवर जाते. चेहरा नंतर, बोलणे त्याहून नंतर. गळपट्टीवर घामाची पिवळी रेघ आहे का, बाहीची कड झिजली आहे का, हे मी पाहतो. बहुधा काहीच नसते. भर दुपारी गल्लीबोळ पालथे घालून, भिंतींवरून उड्या मारून हा मनुष्य सायंकाळी खुनी पकडतो, तेव्हाही त्याचा सदरा नुकताच परटाकडून आणल्यासारखा असतो. घरातील मंडळी कथेत रमतात. मी मात्र त्याच्या घरी पाणी कोण भरत असेल, याचा विचार करीत बसतो.

ही सवय मला केज तालुक्यातील आमच्या गावी, दूध सोसायटीच्या खोलीत लागली. तेव्हा गावात संच तेवढा एकच होता आणि तोही सोसायटीचा. सकाळचे दूध गाडीत चढले की कॅन भिंतीशी सारून सतरंजी अंथरली जाई. रविवारी सकाळी एका गुप्तहेराची मालिका लागे. मी पाठशाळेत संस्कृत शिकलेला, शाळेत शिकवणारा आणि गावच्या महादेवाची पूजा करणारा मनुष्य. माझे तेथे काय काम, असे प्रथम मलाही वाटले. परंतु पहिल्याच रविवारी मी खिळून राहिलो. आम्ही पाठशाळेत घोकलेले अनुमानच तो गुप्तहेर करीत होता. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे. बुटाला तांबडी माती, म्हणून हा टेकडीवर जाऊन आला असला पाहिजे. ज्या शास्त्रासाठी गुरूंनी आमचे कान पिळले, ते येथे लांब राखाडी कोट घालून हिंडत होते.

माझ्या शेजारी नेहमी गावचा शिंपी बसे. त्याला सगळे मास्टर म्हणत. त्याचे आजोबा निजामाच्या अमदानीत अंमलदारांच्या शेरवान्या शिवत असत. मी गुप्तहेराचा तर्क तपासावा आणि मास्टरने त्याची शिलाई, अशी आमची वाटणीच झाली होती.

"गुरुजी, ह्यो कोट ह्याचा न्हाई," तो माझ्या कानाशी म्हणे. "खांदा बघा. दोन बोटं खाली उतरलाय. दुसऱ्याच्या मापाचा हाय."

"भावाचा असेल."

"भावाचा असंल तर भाऊ पैलवान हाय."

मागून कोणीतरी ओरडे, "आरं, पर ह्याला गर्मी कावून होत न्हाई बे? मे महिन्यात कोट!"

"शहरात वारं असतंय."

"मग वाऱ्यात कॉलर उभी करून हिंडतंय व्हय? थंडी वाजती का तेला?"

माझे म्हणणे असे की गुप्तहेराने गर्दीत मिसळणारे वस्त्र घालावे. या कोटात तर तो साऱ्या बाजारात एकटाच उठून दिसतो. मास्टरचे म्हणणे याच्या उलट. लोक कोटाकडे पाहतात म्हणून चेहरा विसरतात, असे तो म्हणे. या वादाचा निकाल कधीच लागला नाही. मालिकेतल्या पोलीस अंमलदाराच्या बाबतीत मात्र आमचे एकमत होते. त्याच्या खिशाला शाईचा एकही डाग नव्हता. हा मनुष्य पंचनामा लिहीतच नसला पाहिजे.

पुढे दुष्काळ पडला. एका वर्षी पाऊस ओढ देऊन गेला, दुसऱ्या वर्षी फिरकलाच नाही. धडधाकट माणसे ऊस तोडायला गेली ती गेलीच. मागे म्हातारे राहिले, लहान मुले राहिली, आणि आमच्यासारखे हलता न येणारे राहिले. सोसायटीचे अर्धे कॅन पालथे पडले. तरीही रविवारी आम्ही जमत असू.

त्या दिवसांत एका रविवारी गुप्तहेराने शेतकऱ्याचे सोंग घेतले. पांढरे शुभ्र धोतर, त्यावर दुकानातली घडी अजून उमटलेली, सदऱ्याला नीळ, डोक्याला गुलाबी फेटा.

मास्टर मोठ्याने म्हणाला, "ह्या शेतकऱ्याच्या हिरीला पाणी लई हाय!"

खोली हसली. सोसायटीचे चेअरमन हसले, मीही हसलो. हसता हसता एका म्हाताऱ्याला ठसका लागला आणि त्याला द्यायला खोलीत घोटभर पाणी नव्हते. कोणीतरी त्याची पाठ चोळली. संचावर गुप्तहेर तसाच शुभ्र चालत होता.

चैत्र संपता संपता गावची विहीर तळाला गेली. बायका ओणव्या होऊन तळातला गाळ वाटीने उपसत. टँकरसाठी अर्ज जाऊन पडला होता, पण उत्तर नव्हते. घरे एकेक करून पाहुण्यांच्या गावी निघू लागली. चेअरमन माझ्याकडे येऊन ओट्यावर बसले आणि म्हणाले, "गुरुजी, टँकर आला न्हाई तर ह्या पंधरवड्यात गाव रिकामं होतंय. तुमी काय करणार?"

मी आत पाहिले. माझ्या पत्नीला आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता. तिची उजवी बाजू गेली होती आणि वाणी जड झाली होती. बैलगाडीचे धक्के तिला सोसणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले होते. दिवसातून एकदा ओल्या फडक्याने तिचे अंग पुसावे लागे, नाहीतर पाठ सोलवटे. गाव उठले असते तर त्या कोरड्या विहिरीपाशी आम्ही दोघेच उरलो असतो. हे चेअरमनना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी विचारले होते.

तालुक्याच्या कचेरीत स्वतः जाऊन साहेबांना भेटायचे ठरले. चेअरमन, मास्टर आणि मी. आमच्याकडे एक जुनी रीत होती. कचेरीत जायचे ते धुतलेल्या, इस्तरीच्या पांढऱ्या कपड्यांतच. चेअरमनचे वडील म्हणत, "मळक्या कपड्यानं गेलं की मागणं भीक होतंय. धुतल्या कपड्यानं गेलं की तेच मागणं अर्ज होतंय." निजामाच्या काळापासून गावाने ती रीत मोडली नव्हती, आणि त्या वर्षी ती मोडावी असे कोणाच्या मनातही आले नाही. घराघरांतून तांब्या तांब्या पाणी जमा झाले. माझ्या घरी देण्यासारखे एकच पाणी होते.

पत्नीने ते ओळखले. शब्द जुळवीत जुळवीत ती म्हणाली, "माझं अंग उद्या पुसा. मळक्या सदऱ्यानं जाऊ नका हो."

मास्टरच्या बायकोने आम्हा तिघांचे कपडे एकाच घमेल्यात धुतले. साबण लावला, आपटले, पिळले आणि वाळत घातले. दुसऱ्या पाण्यातून काढायला दुसरे पाणीच नव्हते. मास्टरने कोळशाची इस्तरी फिरवली, तेव्हा साबणाचा वास अंगणभर पसरला. कपडे मात्र दुधासारखे पांढरे दिसत होते.

वाटेत घाम आला आणि साबण जागा झाला. मान चुरचुरू लागली, काखा सोलल्या. एसटीत उभ्या उभ्या चेअरमन गळपट्टीत बोट घालून म्हणाले, "मास्टर, अंगाला मुंग्या डसल्यावानी होतंय."

"गप उभं ऱ्हावा, चेअरमन. कॉलर मोडती."

साहेब तरुण होते, बोलण्यात सौम्य होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितले, गावाचे नाव विचारले आणि मग आमच्याकडे नीट न्याहाळून पाहिले. गळपट्टी, बाही, धोतराचा काठ. ती नजर मी ओळखली. दर रविवारी मीही तशीच लावीत असे.

"चेअरमन, रविवारची मालिका बघता का?"

"बघतो की, साहेब."

"मीही चुकवत नाही. मग रागावू नका. काल एका गावची माणसं आली होती, त्यांच्या कपड्यांकडे बघवत नव्हतं. तुमचे कपडे मात्र सांगतात की गावात अजून धुण्यापुरतं पाणी आहे. टँकर मोजके आहेत. आधी त्यांना द्यावं लागेल."

मास्टरने माझ्याकडे पाहिले. त्याचा चेहरा उतरून गेला होता. सोसायटीच्या खोलीत त्याने केलेला आणि आम्ही साऱ्यांनी हसून मान्य केलेला तोच तर्क टेबलापलीकडून परत आला होता. साहेब अन्यायी नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटले असते. जेथे धुतलेले वस्त्र तेथे पाणी. या हेतूत, म्हणजे अनुमानाच्या कारणात, खोट कोठे आहे, हे मला दिसत होते. पण सांगावे कसे? बोलून पाहावे तर गरजवंताचे बोलणे कोण खरे मानतो? डोळ्यांपुढे घर आले. त्या क्षणी पत्नी छताकडे पाहत पडली असेल, पाठ न पुसता. मी मनातल्या मनात महादेवाला हाक मारली आणि उभा राहिलो.

टेबलावर झाकण ठेवलेला पाण्याचा पेला होता.

"साहेब, हे पाणी घेऊ?"

"घ्या ना, प्या."

मी सदऱ्याचे टोक हातात धरले आणि पेला त्यावर ओतला.

"गुरुजी!" चेअरमननी माझे मनगट धरले. "आवो, काय करताय? पाणी हाय ते!"

मी ते टोक दोन्ही हातांनी चोळले. फेस आला. बोटांमधून पांढरा फेस दाटून वर आला आणि साहेबांच्या फरशीवर थेंब थेंब पडू लागला.

"साहेब, हा धुतलेला सदरा नाही," मी म्हणालो. "साबण लावून वाळवलेला आहे. दुसऱ्या पाण्यातून काढायला दुसरे पाणी आमच्याकडे नव्हते."

मास्टरने आपली ओलसर बाही पुढे केली. चेअरमननी गळपट्टी खाली ओढली. मानेवर लाल चट्टा उठला होता. साहेबांनी शिपायाला पाणी आणायला पाठवले आणि लेखणीचे टोपण काढले. चेअरमनची नजर मात्र फरशीवरच होती. सांडलेले पाणी टेबलाच्या पायाशी साठले होते, आणि ते त्याकडे असे पाहत होते की मला मान वळवावी लागली.

टँकर आला, पण लगेच आला नाही. तो येईपर्यंत निम्मी घरे कुलपे लावून गेली होती. मास्टरही शिलाईचे यंत्र बैलगाडीत घालून सिरसाळ्याला मेहुण्याकडे निघाला. जाताना म्हणाला, "गुरुजी, त्या कोटवाल्याला म्हणावं, कधी दुसऱ्याच्या हिरीवर कपडे धुवून बघ." तो पुन्हा गावी राहायला आला नाही.

टँकरचे पाणी विहिरीत सुटले त्या सकाळी मी पहिली घागर घरी आणली. पत्नीच्या पाठीवर तोवर दोन जखमा झाल्या होत्या. मी फडके बुडवले, पिळले आणि जखमांच्या कडेकडेने पुसू लागलो. ती कण्हली नाही. मान किंचित वळवून तिने माझ्याकडे, माझ्या मानेकडे पाहिले.

"आधी सदरा," ती म्हणाली. पुढचे शब्द गोळा करायला तिला वेळ लागला. "दुसऱ्या पाण्यातून काढा. चावत असेल हो."

तिचे अंग पुसून झाले तेव्हा घमेल्यात थोडे पाणी उरले होते. त्यात मी सदरा बुडवला. पाणी पांढरे झाले. पिळला, पुन्हा बुडवला, तरीही पांढरेच. ती पडल्या पडल्या पाहत होती. पाणी संपले, फेस संपला नाही, आणि मी तो तसाच दोरीवर टाकला.