फराळाला आलेली मुलं

गेल्या दिवाळीत आम्ही पहिल्यांदाच नागपूरला गेलो नाही. नवऱ्याच्या ऑफिसात काहीतरी मोठं बदलत होतं आणि दिवाळीभर त्याला लॅपटॉपसमोर बसणं भाग होतं. दोन लहान मुलांना घेऊन एकटीने एवढा प्रवास करणं माझ्या जिवावर आलं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं मग करा नं तिथेच. घर आहे नं तुमचं." मी हो हो म्हटलं. खरं सांगायचं तर मनातून मला सुटल्यासारखंच वाटलं होतं. कुणी येणार नाही, कुठे जायचं नाही, उशिरा उठायचं.

जे. पी. नगरमधल्या या फ्लॅटमध्ये आम्ही मुलीच्या जन्माआधीपासून राहतो. ती आता सात वर्षांची आहे, धाकटा चारचा. पण मोठा सण आला की आमच्याकडे सुटकेस बाहेर निघते. दिवाळी नागपूरला ठरलेली. बाकीचे सण मुलं शेजाऱ्यांकडे साजरे करतात. गणपतीत तिसऱ्या मजल्यावर, दसऱ्यात समोरच्या आंटींनी मांडलेल्या बाहुल्या बघायला, ईदला तळमजल्यावर शीरखुर्मा प्यायला, नाताळात वरच्यांचा केक खायला. मुलं जायची आणि तोंडाला काहीतरी चिकटलेलं घेऊन परत यायची. मी दारातूनच थँक्यू म्हणायचे. आपण कधी कुणाला बोलावत नाही, हे मला टोचायचं नाही असं नाही. पण घर एकदा नीट लावू, मग बोलावू, असं मी स्वतःला सांगायचे आणि घर काही कधी लागायचं नाही.

समोरच्या आंटी साठीच्या पुढच्या. शाळेत शिकवायच्या, आता घरी असतात आणि दोन नातवंडं सांभाळतात. त्यांचं हिंदी मोडकं, माझं कन्नड त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं बोलणं लिफ्टच्या दारापर्यंतच टिकायचं. माझी मुलगी मात्र त्यांना 'अज्जी' म्हणते आणि त्यांच्याशी घडाघडा कन्नडमध्ये बोलते.

तर दिवाळी आली. पहिल्या पहाटे मी मुलांना उटणं लावून आंघोळी घातल्या. तेवढंच. आकाशकंदील ऑनलाइन मागवला होता, तो खोक्यात राहिला. आईने कुरियरने पाठवलेलं फराळाचं पार्सल डायनिंग टेबलाखाली तसंच टेप लावलेलं पडून होतं. कामाच्या बाई गावी गेल्या होत्या. समोरच्या दाराला आंब्याची पानं होती, उंबऱ्याशी रांगोळी होती. आमच्या दाराशी चपलांचा स्टँड आणि डिलिव्हरीचे पुठ्ठे.

मुलगी रोज विचारायची, "आज येणार लोक?"

"इथे कोण येणार गं बाई?" मी म्हणायचे.

"आजीकडे तर दिवसभर येतात."

"ते आजीकडे."

यावर तिने पुन्हा काही विचारलं नाही आणि माझ्याही ते डोक्यातून गेलं.

पाडव्याच्या दिवशी दुपार कलताना बेल वाजली. मी आदल्या रात्रीच्या गाऊनमध्ये होते, केस विंचरलेले नव्हते. सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर, त्यात सगळ्यांत वर आमचे आतले कपडे. सिंकमध्ये भांडी, जमिनीवर पिझ्झाचं उघडं खोकं, त्याच्या शेजारी नुसत्या चड्डीवर बसून कार्टून बघणारा धाकटा. नवरा कॉलवर होता, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्म्युडा. मी दाराच्या भिंगातून बाहेर पाहिलं. बाहेर आठ-नऊ मुलं उभी होती. मुलींचे रेशमी परकर, केसांत मोगरा, मुलांचे कुर्ते. त्यांच्या मागे गडद हिरव्या साडीत आंटी, हातात स्टीलचा डबा.

मी वळले आणि नवऱ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. त्याने माइक बंद केला.

"कोण आहे?"

"सगळी बिल्डिंग आहे."

त्याने सोफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या पायांकडे. "नको उघडू," तो कुजबुजला. "जातील थोड्या वेळाने."

त्याने सांगितलं म्हणून मी थांबले, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी आधीच थांबले होते. मी पंजांवर चालत गेले, रिमोट उचलला आणि कार्टूनचा आवाज कमी कमी करत नेला. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला घरातला आवाज असा हळूहळू बंद होताना ऐकू येतो, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

बेल पुन्हा वाजली. धाकट्याने मान वर केली. "आई, बेल वाजली! उघड नं! तू का लपून राहिली?"

मी झेपावून त्याच्या तोंडावर हात ठेवला. आधी त्याला तो खेळ वाटला, तो माझ्या तळव्यात हसला. मग माझा चेहरा बघून घाबरला आणि रडू लागला. मी हात आणखी घट्ट दाबला. स्वतःच्या घरात, दिवाळीच्या दिवशी, चार वर्षांच्या पोराचं तोंड दाबून मी दाराआड उभी होते. का, तर सोफ्यावर कपडे होते म्हणून.

बाहेरून एका मुलाचा आवाज आला, "अज्जी, ओळगे इद्दारे." आत आहेत ते. एवढं कन्नड मलाही कळतं.

मग आंटींचा आवाज, शांत, दारापासून जरा लांब होत गेलेला. "इल्ला पुट्टा, मलगिद्दारे. आमेले बरोणा." नाही रे बाळा, झोपलेत ते. नंतर येऊ.

पैंजणं वाजत वाजत समोर गेली. समोरचं दार लागलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं आणि तरीही मुलांसमोर आमची लाज त्यांनी झाकली होती. मी धाकट्याच्या तोंडावरून हात काढला. त्याच्या गालावर माझ्या बोटांचे वळ होते.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगी बाहेर आली. गेल्या वर्षी आईने शिवलेला जांभळा परकर-पोलका तिने आपला आपणच घातला होता. परकर आता घोट्याच्या बराच वर गेला होता, पाठीचे हुक उघडे होते. चेहऱ्यावर पावडरचे पांढरे पट्टे.

"आले सगळे?" तिने विचारलं. "हुक लावून दे नं लवकर."

"कोण सगळे?"

"मी बोलावलं नं. फराळाला." तिने आजूबाजूला पाहिलं. "कुठे आहेत?"

मला आधी आला तो रागच. "मला न विचारता? अशी घरभर माणसं बोलावतात का? घर बघितलंस का आपलं?"

"आजी कुणाला बोलावत नाही," ती म्हणाली. "लोक आपले आपण येतात. इथे येत नाहीत, म्हणून मी सांगून आले. आपण इथेच आहोत नं या वेळी, म्हणून."

नवऱ्याने लॅपटॉपचं झाकण खाली केलं. धाकटा हुंदके देत तिला म्हणाला, "आईने दार नाही उघडलं. माझं तोंड दाबलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल, पाय आपटेल. पण तिने सोफ्यावरच्या कपड्यांकडे पाहिलं, माझ्या गाऊनकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "मी सांगू का त्यांना, आपण झोपलो होतो म्हणून?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती मला मदत करत होती. मी एकदम शरमेने गार पडले. तोवर मी घराला लाजत होते. आता माझ्याच लेकीसमोर मान वर करणं कठीण झालं.

"नको," मी म्हटलं. "मीच जाते."

केस विंचरायला गेले असते तर माझा धीर सुटला असता. गाऊनवर ओढणी घेतली आणि तशीच जाऊन समोरचं दार वाजवलं. आंटींनी उघडलं. आत फरशीवर गोल करून मुलं बसली होती, हातात कागदी ताटल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आंटी बाहेर आल्या आणि त्यांनी मागे दार ओढून घेतलं.

"आंटी, आम्ही झोपलो नव्हतो," मी हिंदीत म्हणाले.

"गोत्तु," त्या म्हणाल्या. माहीत आहे. "पुट्टाचा आवाज आला."

"घर खूप पसरलं होतं. मी अशी होते. मला लाज वाटली."

त्यांनी मला डोक्यापासून पायांपर्यंत बघून घेतलं. मग मोडक्या हिंदीत, शब्द शोधत शोधत जे बोलल्या, ते मला अजून तसंच आठवतं. "घराची लाज? मला वाटलं, मी नको आहे. इतकी वर्षं समोर राहतो आपण. तुम्ही कधी आत या म्हणत नाही. एकदा पाणी गळत होतं तेव्हा आले होते, तेवढंच. मला वाटायचं, तुम्हा लोकांना बाहेरचं कुणी घरात आलेलं चालत नसेल. आज मुलीने हाताला धरून बोलावलं, म्हणून साडी बदलून आले."

आमच्या पसाऱ्यावर मी पांघरूण घालत होते आणि समोर राहणारी बाई त्याला आमचा तोरा समजत होती. हे इतकी वर्षं चाललं होतं. तिच्याकडचं गोडाचं ताट दरवेळी आमच्याकडे येत होतं आणि धुतलेलं, रिकामं परत जात होतं.

"आत्ता या," मी म्हटलं. "घर तसंच आहे. पण या. मुलांना घेऊन या."

"अर्ध्या तासाने येतो," त्या म्हणाल्या, आणि माझ्या केसांकडे बोट दाखवून, "स्वल्प बाचको." थोडे विंचरून घे.

तो अर्धा तास कसा गेला ते विचारू नका. कपड्यांचा डोंगर चादरीत बांधून बेडरूममध्ये लोटला. पिझ्झाचं खोकं गेलं, भांड्यांवर मोठं ताट उपडं घातलं. नवऱ्याने ऑफिसला कळवलं की तासभर तो नाही. आईचं पार्सल कापलं तर चकल्यांचे तुकडे झालेले, अनारसे एकमेकांना चिकटलेले आणि बेसनाच्या लाडवांचा नुसता भुगा. शंकरपाळी तेवढी शाबूत होती. नवऱ्याने तूप गरम केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा लाडू वळायला बसला. एकही लाडू दुसऱ्यासारखा झाला नाही. मुलीने आकाशकंदिलाचं खोकं उघडून तो पसरून ठेवला. मी तिच्या पाठीचे हुक लावले. वरचे दोन लागेनातच, म्हणून तिथे सेफ्टी पिन लावली.

मुलं आली आणि घर भरून गेलं. तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी हॉलच्या मध्यावर उभी राहून सगळीकडे बघत म्हणाली, "आंटी, मी तुमच्या घरात पहिल्यांदा आले." सहज म्हणाली ती. मी तिच्या ताटलीत शंकरपाळी वाढत होते, ती थोडी खाली सांडली. दुसऱ्याने अनारसा उलटसुलट करून पाहिला आणि "इदु एनु?" हे काय, म्हणून विचारलं. माझी मुलगी कन्नडमध्ये तांदूळ, गूळ, खसखस असं समजावत बसली आणि मध्येच थेट माझ्या आईच्या सुरात मराठीत म्हणाली, "घ्या नं, लाजू नका!" कुणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी घेतलं. नवऱ्याने मुलांना बाल्कनीत नेऊन कंदील टांगला. धाकटा प्रत्येकाला पकडून सांगत होता, "माझ्या आईने दार नाही उघडलं." बहुतेकांना मराठी येत नव्हतं, पण तो दाराकडे बोट दाखवून आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवून ते करूनही दाखवत होता. मी त्याला अडवलं नाही. दुसऱ्यांदा त्याचं तोंड कुठल्या तोंडाने बंद करणार?

आंटी सोफ्याच्या कडेला ताठ बसून होत्या. लाडू त्यांनी सावकाश, पूर्ण खाल्ला. भिंतीवरचे मुलांचे फोटो पाहिले. आपल्या डब्यातले होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, माझ्या हातात दिल्या. आम्ही फार बोललो नाही. त्या मनमोकळ्या झाल्या होत्या असं मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांचा समज तासाभरात जात नसतो, आणि तो घालवायची घाई करण्याचा अधिकार मला नव्हता.

निघताना मुलं धावत पुढे गेली. आंटींनी चपला घातल्या, पण उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. मी हसून "बन्नी आंटी, पुन्हा या" म्हटलं. त्या तरीही थांबल्या. काही विसरल्या असतील असं वाटून मी मागे सोफ्याकडे बघितलं. तेव्हा मुलीने माझी ओढणी खेचली.

"आई, कुंकू," ती कुजबुजली. "अज्जी नेहमी लावतात सगळ्यांना जाताना."

माझी आईही लावते. मी लहानपणापासून बघत आले होते आणि इथे मला ते मुलीने सांगावं लागलं. ती धावत जाऊन देवघरातला करंडा घेऊन आली. झाकण निघेना, आतलं कुंकू दमट होऊन कडक झालेलं. नखाने खरवडून मी आंटींच्या कपाळाला लावलं, ते जरा वाकडंच लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. करंडा माझ्या हातून घेतला, बोट टेकवलं आणि माझ्या कपाळाजवळ आणलं.

मी मान खाली घातली. ती कुंकवासाठी वाकवली आहे, असं त्यांना वाटलं असावं.