बिनवाऱ्याचे चार दिवस

"ओरडून जाळी माळ्यावरून खाली येणार नाहीत," ऊना म्हणाली. "घसा तेवढा बसेल."

"मग मी चढून काढतो!" मॅनस बॉनरने टेबलावर मूठ आपटली. कपातला चहा हिंदकळला. "घर कुणाचं? गलबत कुणाचं?"

"गलबत तुझंच आहे. ते कुठं कोण मागतंय?"

चुलीजवळ बसलेल्या म्हाताऱ्या सासूने, मॅजने, बटाट्यावरची सुरी थांबवली. "नवऱ्याशी बोलतेय की गड्याशी? आमच्या वेळी बाईचा आवाज दाराबाहेर जात नव्हता."

"तुमच्या वेळी आई, जाळी तुम्हीच विणत होतात. जरा आठवून बघा."

म्हातारीने पुन्हा बटाटा सोलायला घेतला, पण साल जाड निघायला लागलं.

मॅनसचा धाकटा भाऊ कॉन्डी पाव चहात बुडवून खात होता. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. गेली वीस वर्षं तो भावाच्या गलबतावर काम करत होता आणि वहिनीच्या हातचं खात होता. घरात भांडण लागलं की तो ताटाकडे बघत बसायचा.

भांडण सकाळपासूनचं होतं. चौथ्या रात्री वारा सुटला तेव्हा कुठे गलबत आज बंदरात आलं, तेच मुळी वासासकट. जुलैचं ऊन, सरोवरावर वाऱ्याची झुळूकही नाही, आणि पश्चिमेच्या खडकाळ उथळावर लावलेली बत्तीस जाळी चार दिवस पाण्यातच राहिलेली. पांढरे मासे जाळ्यात मरून, फुगून, फुटले होते. ती घाण काठावर झटकून काढायला ऊनाला दुपार झाली होती. जाळी आता रहाटावर वाळत होती, पण वाळून उपयोग नव्हता. चिमटीत धरून ताणलं की सूत तुटत होतं. आणि मॅनसला आता माळ्यावरची चाळीस नवी जाळी हवी होती. सोमवारी पुन्हा त्याच उथळावर लावायला.

ती चाळीस जाळी म्हणजे ऊनाचे दोन हिवाळे होते.

ती या बेटावर आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आयर्लंडच्या किनाऱ्यावरून निघाली, ती थेट मिशिगन सरोवरातल्या बेटावर उतरली. पाणी गोडं होतं एवढाच फरक. माणसं तीच, आडनावं तीच, रविवारचं देवळातलं खोकणंही तेच. तेव्हा बंदरात शिडांची गर्दी असायची. दोन डोलकाठ्यांची, रुंद पोटाची गलबतं, एकाला एक खेटून उभी. सासऱ्याने स्वतः सीडारची लाकडं वाकवून बांधलेलं गलबत त्यांत सगळ्यांत वेगवान होतं, असं सासू अजून सांगायची. मिठातल्या माशांची पिंपं धक्क्यावर रचायला जागा पुरायची नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सासूने तिच्या हातात लाकडी सुई आणि भोकं मोजायची पट्टी दिली. सरोवर गोठलं की पुरुष शिडं शिवायचे, बर्फ कापायचे, पत्ते खेळायचे. बायका विणायच्या. सव्वीस हिवाळे. उजव्या हाताच्या करंगळीला सुताने पडलेला चर आता उन्हाळ्यातही बुजत नव्हता. धाकटी मुलगी ब्रिजेट घशाच्या आजाराने गेली, तो फेब्रुवारी होता. सात दिवसांनी ऊना पुन्हा सुई घेऊन बसली, कारण एप्रिलमध्ये बर्फ फुटायचाच होता. जाळी कुणी विणली हे धक्क्यावर कुणी विचारत नसे. बॉनरची जाळी, एवढंच म्हणत.

मग पलीकडच्या किनाऱ्यावरून आगबोटी यायला लागल्या. काळ्या, बुटक्या, धूर ओकणाऱ्या. वारा असो नसो, सकाळी निघायच्या, जाळी उचलायच्या आणि ताजे मासे बर्फात घालून संध्याकाळी परत. एकेक करून बंदरातली शिडं कमी झाली. कुणी गलबत लाकडं वाहायला दिलं, कुणी वाळूवर ओढून सोडून दिलं. मॅनसने सोडलं नाही. त्यांचा मुलगा ओनी विसाव्या वर्षी आगबोटीवर गेला, तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, मॅनस त्याचं नावही घेत नव्हता. आई त्याला रविवारी देवळाच्या पायऱ्यांवर भेटायची, तेवढंच.

"सुतात काही दम नाही तुझ्या," मॅनस म्हणाला. "चार दिवसांत सडतं म्हणजे काय विणलंस?"

ऊनाने हातातलं फडकं खाली ठेवलं. "काय म्हणालास?"

"वारा पडला तो काय मी पाडला? सरोवर आरशासारखं. जाळी समोर सहा मैलांवर, आणि आम्ही लाकडाच्या ओंडक्यासारखे पडलेले. शिव्या घाल देवाला."

"देवाला कशाला?" कॉन्डी घास चावता चावता बोलून गेला. "पहिल्याच दिवशी दोरी घेतली असती तर…"

तो थांबला. पाव चहात पडला.

"कसली दोरी?" ऊनाने विचारलं.

कॉन्डीने कप स्वतःकडे ओढला.

"कॉन्डी, मी तुला विचारतेय."

"वहिनी, जाऊ दे ना."

"कसली दोरी?"

कॉन्डीने भावाकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे. "ओनीची बोट आली होती. पहिल्या दिवशी दुपारी. दोरीने बांधून जाळ्यांपर्यंत ओढत नेतो म्हणाला. तासाभराचं काम होतं. तिसऱ्या दिवशी परत आला. तेव्हा त्याने विचारलंसुद्धा नाही, दोरी सरळ डेकवर फेकली."

"आणि?"

"आणि दादाने ती उचलून पाण्यात टाकली."

मॅनस उठून उभा राहिला. "माझ्या बापाचं गलबत आहे ते! शिडं उतरवून, कोळशाच्या डब्यामागे बांधून घेऊ? पोटच्या पोराच्या मागे, दावणीच्या वासरासारखा? त्या बोटीवरचे सगळे कठड्याला टेकून बघत होते. एक जण टोपी हलवत होता."

"म्हणून मासे सडू दिलेस."

"वारा येणार होता! संध्याकाळी येतोच."

"चार संध्याकाळी झाल्या, मॅनस."

ऊना खुर्चीवर बसली. त्या चार दिवसांत सासूने तिला रोज सकाळी किनाऱ्यावर पाठवलं होतं. माणूस बिनवाऱ्याचा अडकला की घरच्या बाईने चुलीतली राख ओंजळीत घ्यायची आणि वारा हवा त्या दिशेला उडवायची, ही बेटावरची जुनी रीत. हसायचं नाही, बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. चारही सकाळी ती अनवाणी पाण्यात उभी राहिली होती. राख उडाली नव्हती, सरळ तिच्याच पायांवर पडली होती. जाळ्यांच्या खोपटांतून बायका बघत होत्या. आगबोटवाल्याची बायको तर हातातलं काम थांबवून बघत होती. लाज सोडून तिने चौथ्या दिवशी दोन ओंजळी जास्त उडवल्या होत्या.

"आई, तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"मला कोण सांगतंय?" म्हातारी म्हणाली. मग सुरी पुसत, "पण बरोबर केलं त्याने. त्याच्या बापानेही घेतली नसती."

"त्याच्या बापाच्या वेळी दोरी द्यायला होतं कोण?"

"तोंड सांभाळ, सूनबाई."

मॅनसचा आवाज जरा खाली आला. बायको गप्प बसली की भांडण संपलं, असं त्याला नेहमी वाटायचं. "हे बघ," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "झालं ते झालं. नवी जाळी दे. सोमवारी निघतो. वाऱ्याची चिन्हं चांगली आहेत. हिवाळ्यात आणखी विणशीलच की."

विणशीलच की. ऊनाने स्वतःचे हात पाहिले. माशांचे खवले अजून मनगटाला चिकटलेले होते.

गेल्या रविवारी ओनी पायऱ्यांवर घुटमळत म्हणाला होता, कप्तान म्हणतो, स्वतःची जाळी घेऊन येईल त्याला मजुरी नाही, बोटीत वाटा. तिने त्याला झिडकारलं होतं. ती तुझ्या बापाच्या गलबताची आहेत, पुन्हा विचारू नकोस. तो तिला घरापर्यंत सोडायलाही आला नव्हता. आणि दुसऱ्याच दिवशी दोरी घेऊन गेला होता, बापाकडे.

"जाळ्यांशिवाय गलबत कशाला बाहेर काढायचं ते सांग ना," मॅनस म्हणाला. "मासे काय टोपीने धरू?"

"नको काढूस."

"म्हणजे?"

ऊना उठली. चुलीवरचं पातेलं उतरवून तिने टेबलाच्या मध्यभागी ठेवलं, सगळ्यांना पुरेल असं. कॉन्डीचा चहात पडलेला पाव चमच्याने काढून बाजूला टाकला.

"ओनीला आत्ताच निरोप धाडते, उद्या सकाळी तो हातगाडी घेऊन येईल," ती म्हणाली. "चाळीसच्या चाळीस जाळी मी त्याच्या बोटीवर देणार आहे. कॉन्डी, माळ्यावरून खाली उतरवायला तू हात लाव. आणि यंदाच्या हिवाळ्यापासून मी या घरातल्या गलबतासाठी विणणार नाही."