धुतलेली सीट

मानवतला आमची पाच-सहा जणांची टोळी होती, जुन्या फटफट्यांच्या नादाला लागलेली. दर रविवारी मोंढ्याच्या मैदानात जमायचं आणि आपली गाडी दुसऱ्याला चालवायला द्यायची, असा आमचा रिवाज. सगळ्यात देखणी गाडी वालूरच्या एका जमीनदार दोस्ताची होती. निजामाच्या काळातली, गोठ्यात गंजून पडलेली. तिचं इंजिन मी चार महिने खपून बांधलं होतं, कारण ते काम टोळीत एकट्या मलाच येत होतं.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला आणि मी आमच्या भीमनगरातल्या लोकांसोबत मोर्चात गेलो. पुढच्या रविवारी नेहमीसारखी त्या जमीनदार दोस्ताच्या गाडीवर एक चक्कर मारून आलो. मी उतरलो तसा तो उठला, हातपंपावरून बादली भरून आणली आणि सगळ्यांदेखत सीटवर ओतली. बाकीचे आपापल्या गाड्या पुसायला लागले. माझ्यासोबत एका ताटात जेवलेले लोक हे! अजून आठवलं की अंगाची लाहीलाही होते.

सीटवरून ओघळलेलं पाणी खाली ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोत शिरलं. किका मारून मारून तो घामाघूम झाला, पण गाडी चालू होईना. शेवटी माझ्याकडं वळून म्हणाला, "गड्या, बघ की जरा."

मी पान्यांची पिशवी खांद्याला लावली. म्हणालो, "नुसती सीट धुऊन काय होतंय? इंजिन बी खोलून धू. त्याच्या नटानटाला माझा हात लागलाय."