उंदीरमामांचा हात

प्रयोगशाळेत त्यांना सगळे उंदीरमामा म्हणत. अगदी तोंडावरसुद्धा. पिंजरे झाडायचे, पाणी भरायचं आणि ठरल्या सकाळी पात्याखाली उंदीर धरायचा, हे त्यांचं काम. पातं दाबायचे तेही तेच. त्यानंतर यकृत बर्फात ठेवणं, वाटणं, त्यातून पेशींची आवरणं वेगळी काढणं हे बाकीच्यांचं.

"पण सगळं अडतं ते मामांच्या हातावर," प्रयोगशाळेच्या मॅडम नव्या माणसांना सांगायच्या. "पेशीच्या आवरणात एक प्रोटीन असतं, रिसेप्टर. समजा, रिकामी खुर्ची. हार्मोन येतो आणि तिच्यात बसतो. आपण रिकाम्या खुर्च्या मोजतो. उंदीर घाबरला की रक्तात हार्मोन उसळतो आणि धावत येऊन जागा अडवतो. हाउसफुल्ल! मग मोजा काय मोजायचं ते."

म्हणून उंदीर घाबरता कामा नये. शेवटपर्यंत.

प्रयोगाला माद्याच घेत, आणि मामा बरेच दिवस आधीपासून त्यांना हाताची सवय लावत. बाहीत शिरू देत, कानामागे अंगठा फिरवत आणि एका संथ सुरात म्हणत, "काही नाही गं, काही नाही." त्या सुरातच पातं खाली येई. त्यांच्या हाताखाली एकही उंदीर कधी ताठरला नव्हता.

एकदा ते चष्मा घरी विसरले. बायको द्यायला आली आणि दारातच थबकली; मामा तेव्हा पात्याशी उंदीर धरून बसले होते. चष्मा टेबलावर ठेवून निघून गेली. संध्याकाळी म्हणाली, "माझ्यावरनं कधी फिरवलात का हो असा हात? त्याला शेपूट लागतं वाटतं!"

दोघंही हसले. पण तेव्हापासून मामा जरा गोड बोलायला लागले की ती बोट रोखायची. "तो आवाज नको. तो तिकडेच ठेवून येत जा."

मग तिच्या पोटात गाठ निघाली.

ऑपरेशनच्या सकाळी खाटेवरून तिने त्यांचं मनगट धरलं. "डॉक्टर तुम्हाला बाहेर बोलावतील. सांगतील ते मला तुमच्या तोंडून हवंय, जसंच्या तसं. लेकीशी काय बोलायचं ते माझं मला ठरवू द्या. फसवून आत पाठवू नका मला."

"नाही फसवणार."

"नक्की?"

"अगं, नाही म्हटलं ना."

डॉक्टरांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "रिपोर्ट आलाय. पसरलंय. उघडून बघतो, पण त्यातून उठतील याची खात्री नाही. त्यांना आत्ता काही बोलू नका. घाबरल्या, प्रेशर चढलं, तर आत घेता यायचं नाही."

मामांनी मान हलवली. हे त्यांना नवीन नव्हतं.

ते परत आले, स्टूल ओढून बसले.

"काय म्हणाले?"

पसरलंय, एवढंच सांगायचं होतं. शब्द जिभेवर आलाही. तेवढ्यात त्यांचा हात आपसूक उठला, तिच्या कानामागे गेला आणि अंगठा फिरू लागला.

"काही नाही गं," मामा म्हणाले. "काही नाही."

हाताखाली तिची मान ताठ झाली.

मग तिने तो हात उचलला आणि त्यांच्याच मांडीवर ठेवून दिला.

नर्स आली. पट्टा बांधून तिने प्रेशर घेतलं. पुन्हा घेतलं. "अगंबाई, मघाशी तर छान होतं! एवढं कशानं चढलं? काका, काही बोललात का यांना?"



"नाही हो," बायको छताकडे बघत म्हणाली. "हे म्हणाले, काही नाही."