वाळूतून सुटणारी पेटी

बारशाच्या कामांची यादी मी फ्रिजवर लावली होती. पाळणा, झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचे गहू-हरभरे, खुर्च्या, हुपरीचे चांदीचे वाळे. सगळ्यात शेवटी ‘पेटी’, आणि तिच्यापुढे ‘आजोबा’. कुठलं काम कुणाचं ते आधीच लिहून टाकलं की घरात वाद होत नाहीत.

पेटी हवी होती आमच्या लेकीला. ती बाळंतपणासाठी घरी आली होती. नातीच्या पहिल्या वस्तू एका जागी राहाव्यात, अशी तिची इच्छा: पायातले वाळे, दवाखान्यात मनगटाला बांधलेली पट्टी, पहिलं टोपडं, पुढे जावळाची एखादी बट. तिनं फोनवर एक फोटो शोधून वडिलांसमोर धरला. सरळ, चौकोनी लाकडी पेटी, वर झाकण, आत उचलून बाहेर काढता येईल असा लहानसा ट्रे.

“पप्पा, जमेल ना?”

नवऱ्यानं चष्मा वर सारून फोटो पाहिला. “हात गेला आता माझा,” म्हणाला, आणि जेवण झाल्यावर पलंगाखालची ट्रंक ओढून बाहेर काढली.

त्या ट्रंकेत त्याची हत्यारं होती. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत तो पॅटर्न करायचा. पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना. तो वाळूत दाबून बसवायचा, अलगद वर काढायचा आणि खाली जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. शेतावरच्या पंपाचं अंग असो की ट्रॅक्टरचा एखादा भाग, लोखंडाचा होण्याआधी तो सागवानाचा होऊन माझ्या नवऱ्याच्या हाताखालून गेलेला असायचा. पुढे हे काम मशीनवर व्हायला लागलं. तो निवृत्त झाला. तेव्हापासून शेजारणीनं साधं स्टूल दुरुस्तीला आणलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं: हात गेला.

मागच्या पडवीत तो कामाला बसला आणि मी काहीतरी निमित्त काढून तिकडे फेऱ्या मारू लागले. सागवानाची एक जुनी फळी त्यानं जपून ठेवली होती. तिच्यावर रंधा चालायला लागला की कागदासारख्या पातळ, गोल गुंडाळलेल्या ढलप्या पायाशी पडत. तो मधूनच थांबायचा, अंगठ्यानं लाकूड चाचपायचा आणि पुन्हा सुरू करायचा. मोजपट्टी जवळ होती, पण तिच्याकडे तो क्वचितच बघे. फळ्यांच्या टोकांना त्यानं खाचा पाडल्या आणि एकमेकींत अशा बसवल्या की खिळा लागलाच नाही. माझं काम चोख असतं असं मला लोक सांगतात. पण असं एकतान होऊन मी आयुष्यात काही केलेलं नाही. डाळ करपल्याचा वास आला तेव्हा कळलं की मी कितीतरी वेळ तिथंच उभी होते.

बारसं रविवारी होतं. शनिवारी सकाळी पॉलिश लावण्याआधी त्यानं पेटीच्या कोपऱ्याला गुण्या लावला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. तो लाकडाला टेकला, आणि दोघांच्या मधून उजेडाची एक बारीक चीर दिसली. त्यानं दुसरा कोपरा पाहिला. मग तिसरा. मग ट्रे बाहेर काढून त्याच्या बाजू पाहिल्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“ड्राफ्ट दिलाय.”

“म्हणजे?”

“बाजू सरळ नाहीत. वर रुंद, खाली निमुळत्या. पेटीच्याही आणि ट्रेच्याही.” तो खाली बसला. “पॅटर्नला असा उतार द्यावा लागतो. नाही दिला तर वर काढताना वाळूच्या कडा ढासळतात. मी मुद्दाम नाही केलं गं. हातानं आपोआप केलं.”

मला तर काही वाकडं दिसत नव्हतं, आणि मी तसं सांगितलंही.

“मला दिसतंय ना. तिनं सरळ पेटी मागितली होती,” तो म्हणाला. पेटी आत आणून त्यानं टेबलावर ठेवली. “संध्याकाळी फोडतो.”

हे तो रागानं बोलत नव्हता. त्यांच्या पॅटर्न शॉपमधली रीतच तशी. चुकलेला पॅटर्न ठेवायचा नाही, त्याच दिवशी फोडायचा. राहिला तर कुणीतरी तो उचलून वापरतं आणि पुढचं सगळं ओतकाम वाया जातं. आयुष्यभर पाळलेली रीत तो माझ्या सांगण्यावरून मोडणार नव्हता. पेटी फुटली तर ती ट्रंक पुन्हा कधी पलंगाखालून बाहेर येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरीही मी यादीपाशी गेले आणि ‘पेटी’पुढे ‘बाजारातून’ असं लिहिलं. बारसं तर व्हायचंच होतं.

दुपारी वाळे आले. ते आणायचं काम नवऱ्याच्या जुन्या सोबत्याकडे होतं. हा फौंड्रीतला मोल्डर. नवरा लाकडाचा पॅटर्न करायचा आणि हा तो वाळूत बसवून वर काढायचा. त्याची मुलगी हुपरीत दिली आहे, म्हणून मी त्याच्यावर ते काम सोपवलं होतं.

“घ्या वहिनी, तुमच्या यादीवर फुली मारा,” दारातूनच त्याचा आवाज आला. “एष्टीत उभं ऱ्हाऊन आलोय. चहा हाय का न्हाय?”

“आहे की. बसा भाई.”

त्यानं खिशातली वाळ्यांची पुडी काढली. “कुठाय पेटी? आत ठेवूनच देतो.”

“पेटी चुकली,” नवरा म्हणाला. “टेबलावर हाय ती फोडायची हाय.”

भाईंनी पेटी उचलली. बाजूवरून तळहात फिरवला आणि मोठ्यानं हसले. “अरं मर्दा! नातीला पेटी केलीस का पंपाचा पॅटर्न?”

“हसू नगंस. हात गेला माझा.”

“गप की. इतकी वरसं तुझं पॅटर्न मी काढलोय. दुसऱ्यांचं काढताना शिव्या द्यायचो, तुझं काढताना बिडी ओढायचो.”

भाईंनी ट्रे पेटीत बसवला. बोटाच्या पेरानं पेटीची कड चारी बाजूंनी हलकेच ठोकली, वाळूतून पॅटर्न सैल करताना ठोकतात तशी. मग दोन बोटांनी ट्रे वर उचलला. तो कुठंही न घासता, आवाज न करता वर आला.

नवरा बघत होता.

आवाज ऐकून लेक बाहेर आली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं, त्यामुळे एक हात गुंतलेला. “झाली पेटी?” म्हणत तिनं मोकळ्या हातानं ट्रे आत सोडला. तो आपसूक जागेवर जाऊन बसला. तिनं परत उचलला, परत सोडला. बाळानं पापणीही हलवली नाही.

“पप्पा, एका हातानं निघतोय हा! किती छान केलंय.”

“बाजू तिरक्या आहेत त्याच्या,” नवरा म्हणाला. “तू दाखवलेली पेटी सरळ होती.”

“असू दे की. त्या फोटोतल्या पेटीला दोन हात लागले असते. माझ्याकडे आता कुठायत दोन हात?”

भाई चहा फुंकत म्हणाले, “फोडतोस का मग? हातोडा देऊ?”

नवऱ्यानं पेटी जवळ ओढली. झाकण वर ठेवून पाहिलं, डोळे बारीक केले. “झाकणाच्या कडा सरळ आहेत,” म्हणाला. “या बाजूंशी जुळत नाहीत.” झाकण घेऊन तो पडवीत गेला आणि थोड्याच वेळात रंध्याचा आवाज यायला लागला. बाजूंना होता तोच उतार तो झाकणाला देत होता, या खेपेला मुद्दाम.

मी यादीवरचं ‘बाजारातून’ खोडलं.

बारशाला फौंड्रीतले जुने लोक आले होते. बायका पाळण्याभोवती, आणि हे सगळे पेटीभोवती. ती एका हातातून दुसऱ्या हातात जात होती, आणि ट्रे उचलण्याआधी प्रत्येक जण बोटाच्या पेरानं कड ठोकत होता. नवरा घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन शेजारी उभा होता. शेजारीण त्याला काहीतरी विचारत होती. जवळ गेल्यावर शब्द कानावर पडले.

“उद्या आणा,” तो म्हणाला, “स्टूल.”