चतुराबाईचा गडू

"पाणी पाजाले बलावलं तं मी येतो, मरण पाजाले कोणी बलावू नका."

चतुराबाई हे एकदा भरबाजारात बोलली होती. वडनेरात कुणी शेवटच्या दुखण्याला लागलं की तिला बोलावणं जायचं. नाल्याकाठच्या वाडीतली वांगी-मेथी विकून ती यायची, पितळेचा छोटा गडू घेऊन. रोज उशीची खोळ बदलायची, तोंडात तुळशीचं पाणी घालायची. मोबदला घेत नसे. तेरवीला, तेराव्याच्या पंगतीला, त्या घरचं लुगडं तेवढं घ्यायची. लोकांना तिची गरज होती आणि तिचा भरवसा नव्हता. पानठेल्यावरचा श्रावण म्हणायचा, "चतुराबाई गल्लीत दिसली का म्हतारे खोकलतही नाई, बे!"

१९९८च्या उन्हाळ्यात किराणा दुकानाचे सदाशिवराव पोटाच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मुलगा प्रफुल नागपूरहून दुखण्यावरच्या गोळ्या आणायचा. शेवटचे आठ दिवस सदाशिवराव ओरडत होते. गोळ्या आता लागू पडत नाहीत, असं घरच्यांनी धरून घेतलं.

एकदा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, सोडव ना मले."

"ते माह्या हातात नाई, भाऊ," चतुराबाई म्हणाली. बोलताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, असं सून अंजू पुढे सांगायची.

बुधवारी दुपारी घरचे जेवायला बसले. खोलीत चतुराबाई एकटी होती. ओरडणं थांबलं. झोप लागली असेल, असं वाटून सगळे बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. हात धुतल्यावर कळलं.

मेलेल्याचं अंथरूण गावाबाहेर टाकतात. ते दुकानातला गडी कवडू याने नेलं. उशी सावरीच्या कापसाची, चांगली होती. टाकायला त्याचं मन झालं नाही. घरी नेऊन त्याने खोळ काढली, तर आत चिंधीची पुरचुंडी. तीत तळाशी उरलेला पांढरा भुगा आणि एक अर्धी गोळी. म्हातारा गोळ्या गिळत नव्हता, जिभेखाली धरून साठवत होता. दुखणं सोसून मरण जमवत होता.

पण पाण्याच्या गडूपर्यंत त्याचा हात पोचत नव्हता. आणि रोज खोळ बदलणारी बाई एकच. तिने पुरचुंडी पाहिली नसेल? की पाहून परत ठेवली असेल? कवडूकडून ही गोष्ट गावभर झाली.

तेरवीला ती आली. पंगत बसलेली होती. प्रफुल तिला आडवा आला. "मावशी, मी पोलिसात जाईन!"

"जाय ना. माह्या वाडीवरूनच रस्ता हाय."

"तू चूप राह्य, प्रफुल," त्याच्या आई सुमित्राबाई आतून म्हणाल्या. "बाप ओरडे तवा दरवाजा लोटून घेणारा तूच होता."

त्यांच्या मांडीवर नव्या लुगड्याची घडी होती. ती त्यांनी दिली नाही, मागेही घेतली नाही.

"चतुराबाई, मले एकच सांग. शेवटचं पाणी तू पाजलं. त्यात काही होतं का? नाई म्हण, मी मानतो. होय म्हणशील तरी…"

सुमित्राबाईंना कुठलं उत्तर हवं होतं, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. वाढणारे हातात बुंदीची परात घेऊन थांबले. इतकी वर्षं जिला घरोघरी बोलावलं, तिच्या एका शब्दाकडे सगळं गाव कान लावून बसलं होतं.

चतुराबाईने लुगड्याला हात लावला नाही. कमरेचा गडू काढून तिने सुमित्राबाईंपुढे ठेवला. पदर डोक्यावर घेतला आणि पंगतीच्या मधून बाहेर निघून गेली.