बाबांचा नवा ख

नववीत असताना मी बाबांना सांगितलं, तुमचं हिब्रू चुकीचं आहे. काय गरज होती? पण अंगात शहाणपणा आला होता माझ्या. दर रविवारी मी ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या हिब्रूच्या वर्गाला जायचे. शिकवणारा तरुण नुकताच इस्रायलहून परतलेला, त्यामुळे तो म्हणेल तीच पूर्व दिशा. आपण बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी ज्यू, शनिवारला शब्बाथ म्हणतो, ते शबात. सण पेसाह नाही, पेसाख, आणि तो ख घसा खरवडून. प्रार्थनेतला एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलियाहू प्रेषित, तोसुद्धा म्हणे एलियाहू हानावी.

एरवी बाबांनी मला उडवूनच लावलं असतं. भिवंडीत आमच्या समाजाची घरं बोटांवर मोजण्याएवढी, आणि कुणाकडेही मलिदा, म्हणजे एलियाहूच्या नावाने गोड पोह्यांचं ताट मांडायचा विधी, असो, प्रार्थना म्हणायची ती बाबांनीच. आजोबांनी देवनागरीत उतरवलेली सगळी वही त्यांना तोंडपाठ होती. पण नेमकं तेव्हाच ताईला इस्रायलचं स्थळ सांगून आलं. मुलगा तिकडेच वाढलेला, वडील पंधरा वर्षांपूर्वी रेवदंड्याहून गेलेले. दोघं येणार, आमच्याकडे मलिदा होणार आणि मग ते हो की नाही सांगणार. ताईला मुलगा फोटोतच आवडला होता. बाबांना मात्र अन्न गोड लागेना. तिकडच्या माणसांपुढे आपण गावंढळ ठरलो आणि पोरीचं मोडलं तर?

मग त्यांनी शेजारच्या चाचांना गुरू केलं. चाचा कोकणी मुसलमान, नारपोलीत त्यांचे बारा लूम, म्हणजे यंत्रमाग. उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे घशातला ख म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. घरी आई हसते म्हणून शिकवणी कारखान्यात चाले. लूमच्या खडखडाटात चाचा खबर, खत, खुदा असं ओरडायचे आणि बाबा त्यांच्यामागून. कामगारांना वाटे, दोघांचं जुंपलंय. पंधरा दिवसांत बाबांना तो ख असा जमला की विचारू नका. फक्त थांबवता येईना. ह दिसला की ख. हळदीचीसुद्धा खळद झाली. आई म्हणाली, डॉक्टरला दाखवा. प्रत्येक ह चा ख होत नाही, हे खरं तर मी सांगायला हवं होतं. पण वर्गातला तेवढा धडा मीच बुडवला होता.

मलिद्याच्या दिवशी ताटात गोड पोहे, खोबरं, फळं सगळं मांडलं. पाहुण्यांशेजारी चाचाही येऊन बसले, शिष्याची परीक्षा बघायला. बाबांनी खणखणीत सुरुवात केली, "एलियाखू..."

मुलगा खाली मान घालून बसला होता, पण त्याचे खांदे हलत होते. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. तिसऱ्या ओळीला मुलाच्या वडिलांनी हात वर केला. बाबा थांबले, घामाघूम. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

घसा दुखतोय का, असं त्यांनी हळूच विचारलं. तेव्हा बाबांनी काही न लपवता सगळं सांगून टाकलं, माझ्या शहाणपणासकट. ते गृहस्थ हसले नाहीत.

"तिकडे मी आपल्या पद्धतीने म्हणायला लागलो की पोरं हसतात," ते म्हणाले. "पंधरा वर्षं मनातल्या मनात म्हणतोय. एवढ्या लांब आलो ते मोठ्याने ऐकायला. तुमचंच म्हणा हो."

चाचा पुटपुटले की गेली सगळी मेहनत पाण्यात, आणि सगळ्यांआधी तेच हसले.

बाबांनी डोळे मिटले. एलियाहू हन्नाबी. आवाज लूमपुढे कमावलेला, पण जीभ घरची. दुसऱ्या ओळीपासून ते गृहस्थही बरोबर म्हणू लागले, एक अक्षर मागेपुढे नाही, आणि म्हणता म्हणता रडू लागले. मला माझीच लाज वाटली, आणि बाबांचा इतका अभिमान वाटला की मीही रडले.

थोड्या वेळाने मुलगा आमच्या आईशी बोलायला स्वयंपाकघरात आला. तो बाहेर गेल्यावर आईने ताईला जवळ घेतलं आणि जमलं म्हणून सांगितलं. पोहे सुकत चालले होते. बाबांना अजून काहीच कळलं नव्हतं. दोघे व्याही चौथ्यांदा पहिल्यापासून म्हणत होते.